शेरूला गणपतीपर्यंत नमस्कार शिकवायचाय, पण हातात बिस्किट दिसलं तरच ऐकतो

विश्रामबागचा_शेरू (सांगली), ६ जुलै

नमस्कार मंडळी. आमचा शेरू गावठी आहे, दोन वर्षांचा, तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका. "बस" आणि "हात दे" एवढं त्याला येतं, तेही हातात बिस्किट असेल तरच. हात रिकामा दिसला की सरळ उठून दाराजवळच्या पायपुसण्यावर जाऊन पडतो.

गौरी-गणपतीला आमच्याकडे सगळं घर जमतं, वीस-बावीस माणसं. पाच वर्षांच्या पुतणीने हट्ट धरलाय की शेरूने बाप्पाला नमस्कार करायचा आणि आरतीला घंटा वाजवायची. मी त्याचे पुढचे दोन पाय धरून जोडून दाखवतो. सोडले की संपलं. आता तर मी पायाकडे हात नेला की तो मागेच सरकतो. घरचे म्हणतात गावठीला असलं काही येत नाही, त्याला लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डच लागतो. खरंच असं असतं का?

खाऊ म्हणून बिस्किट देतो आणि बेदाणे. मामांचं तासगावला बेदाण्याचं शेड आहे, त्यामुळे घरात डबा भरलेला असतो आणि त्याला ते फार आवडतात. गेले दोन आठवडे रोज चार-पाच देतोय.

हरिपूरची_काकू, ६ जुलै

बाळा, बाकीचं सगळं नंतर. तो बेदाण्याचा डबा आधी उचल आणि त्याच्या तोंडाला लागणार नाही असा ठेव.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं आता मानतात. आपल्या भागात हे सांगितलं की कुणाला पटत नाही, कारण बागेत पडलेले मणी खाणारी कुत्री सगळ्यांनीच पाहिलेली असतात. सगळ्यांना बाधत नाही, ते खरंच आहे. पण कुणाला किती बाधेल याचा काही नेम नाही, म्हणून "एवढे चालतील" असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. बेदाणा वाळलेला, त्यामुळे द्राक्षापेक्षा जास्त जोखमीचा.

उलट्या, मलूलपणा, अन्न सोडणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसतंय का? दिसत नसलं तरी उद्या जनावरांच्या डॉक्टरांकडे ने, बेदाण्याचं स्पष्ट सांग आणि किडनीसाठी रक्त तपासून घे. कांदा, लसूण, चॉकलेट हेही त्याला द्यायचं नाही. शिकवण्याचं मी नंतर सविस्तर लिहिते.

विश्रामबागचा_शेरू, ८ जुलै

काकू, काल नेला होता. रक्ताचा रिपोर्ट आज आला, सगळं व्यवस्थित आहे. डॉक्टरांनीही तुम्ही सांगितलं तेच सांगितलं. मामांना फोन केला, शेडवर दोन कुत्री असतात. त्यांनाही हे माहीत नव्हतं. तुमचे उपकार आहेत.

हरिपूरची_काकू, ८ जुलै

देव पावला. आता निवांत लिहिते.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा शाळेच्या जिन्यात एक ओलंचिंब पिल्लू बसलेलं सापडलं. तीच आमची कृष्णी. गावठीच. आज ती नमस्कार करते, घंटा वाजवते, चष्म्याचं घर आणून देते, माझ्या पायांमधून आठाच्या आकड्यात फिरते. तेव्हा गावठीला येत नाही हे मनातून काढून टाक. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं माणसाचा खांदा जरा वळला की दगड येणार का भाकरी ते ओळखतं. ज्याचं आपल्या हातांवर इतकं बारीक लक्ष असतं, त्याला शिकवणं सोपं असतं.

आमची सुरुवात मात्र वाईट झाली. पैसे देऊन एक शिकवणारा बोलावला होता. तो "बस" म्हणून गळ्यातली साखळी हिसडायचा. चौथ्या दिवशी "बस" ऐकताच कृष्णीने जागेवर लघवी केली. मी त्याला तिथूनच परत पाठवलं. तो शब्द तिच्यासाठी कायमचा नासला. आजही आम्ही "बस" म्हणत नाही, "टेक" म्हणतो. शेरू पायाला हात लावला की मागे सरकतो, ते याच वाटेवरचं पहिलं पाऊल आहे. पाय धरून जोडणं आजपासून बंद कर. पाय धरला की कुत्रं तो ओढणारच, त्यातून ते ओढायलाच शिकतं.

पुढचं मला आमच्या गल्लीतल्या सुभेदारांनी शिकवलं. ते सैन्याच्या श्वानपथकातून निवृत्त झालेत, शिक्षण मेरठच्या आरव्हीसी केंद्रात, म्हणजे सैन्याची कुत्री जिथे तयार होतात तिथे. पहिल्या दिवशी त्यांनी मला कृष्णीजवळ जाऊच दिलं नाही. हातात रबरी चेंडू घेतला आणि म्हणाले, "बाई, मी चेंडू सोडतो. फरशीला टेकेल त्या क्षणी 'भले' म्हणायचं." सोपं वाटलं ना? पहिले वीस चेंडू माझं "भले" उशिरा आलं. चेंडू उसळून वर यायला लागला की मग माझं तोंड उघडायचं. संध्याकाळपर्यंत जमलं. तूही हे आधी कर, शेरूला दुसऱ्या खोलीत ठेवून.

कारण असं की, खाऊ कशासाठी मिळाला हे कुत्रं त्या क्षणावरून ठरवतं. शेरू बसला, तू खिशात हात घातलास, पिशवी खुळखुळली, तो उठला आणि बिस्किट मिळालं. तुझ्या लेखी बसल्याचं, त्याच्या लेखी उठल्याचं. "भले" हा शब्द त्या क्षणावर बोट ठेवतो, मग खाऊ दोन सेकंदांनी पोचला तरी चालतो. आधी एक-दोन दिवस नुसतं "भले" म्हणून लगेच खाऊ द्यायचा, काही करून न घेता. शब्द ऐकताच मान वळवायला लागला की झालं. शब्द असा निवड जो घरात एरवी कुणी बोलत नाही. आमच्याकडे "शाब्बास" नातवासाठी दिवसभर चालू असतं, म्हणून "भले".

हातातल्या बिस्किटाचं आता. आधी दाखवलं तर ती लाच झाली. खाऊ नाकासमोर धरून वाट दाखवायची ती तीन-चार वेळाच. पाचव्या वेळी हात अगदी तसाच फिरवायचा, पण रिकामा. खाऊ मागे टेबलावरच्या वाटीत. त्याने केलं की "भले", मग वाटीकडे जायचं. रिकाम्या हाताचं ऐकूनही मिळतं हे कळलं की तो पायपुसण्यावर जाणार नाही. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा: उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, गाजर. आणि जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी.

नमस्कारासाठी पाय जोडायची गरजच नाही. सकाळी उठल्यावर तो आळस कसा देतो ते बघ. पुढचे पाय लांब पसरतो, कोपरं जमिनीला टेकतात, कंबर वर राहते. याहून सुंदर नमस्कार कुठला असणार? मी पहाटे चहाच्या आधी खिशात चिकनचे तुकडे घेऊन कृष्णीच्या अंथरुणापाशी बसायचे. कोपर टेकलं की "भले". पाचव्या दिवशी ती झोपेतून उठलेली नसतानाही माझ्यासमोर आली, पुढचे पाय पसरले आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिलीतलं पोर पाटीवर स्वतःचं नाव लिहून दाखवतं ना, तसे तिचे डोळे होते. मला रडू आलं.

ती आपणहून वरचेवर करायला लागल्यावर मग हाताची खूण दिली, तळहात जमिनीकडे नेऊन. ती पक्की झाल्यावर शब्द. आधी "नमस्कार" म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग खूण. काही दिवसांनी खुणेची वाट न बघताच करतो. शब्द एकदाच म्हणायचा. दहादा म्हटलं तर तो अकराव्याला करायचं असतं असंच समजेल. आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा.

एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बस्स. छान झालं की तिथेच थांब.

जतचा_कारवानवाला, ९ जुलै

काकूंनी लई भारी सांगितलंय. माझ्याकडे कारवान जातीची दोन कुत्री आहेत, मेंढरांसोबत फिरणारी. एक गोष्ट जोडतो. प्रत्येक कुत्र्याला खाऊचंच वेड असतं असं नाही. माझा थोरला चिकनकडे ढुंकून बघत नाही, पण दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवरून ओढली की जीव टाकतो. त्याचा खाऊ म्हणजे ती चिंधी. काम केलं की "भले" आणि दहा सेकंद पळापळ.

दुसरं, या लांब पायांच्या, खोल छातीच्या कुत्र्यांना टेकून बसणं अवघड जातं. बसत नाही म्हणून त्याला हट्टी म्हणू नका. गोल फिरणं, पायांतून निघणं, हातावरून उडी हे ते हसत करतात. उडी मात्र वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावरच, तोवर हाडं कच्ची असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी सातनंतर काहीच शिकवत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा), ९ जुलै

माझी डाल्मेशियन जन्मापासून बहिरी आहे. तिच्यासाठी "भले" म्हणजे वर केलेला अंगठा. अठरा खुणा ओळखते. तेव्हा शब्दाआधी खूण शिकवा या काकूंच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा. म्हातारपणी शेरूला कमी ऐकू आलं तरी तुमचं बोलणं थांबणार नाही.

विश्रामबागचा_शेरू, २४ जुलै

चेंडूचा सराव केला, माझंही "भले" उशिराच यायचं. आता शेरू आळस देऊन दाखवतो. पण अर्ध्या वेळा कोपरं टेकली की मागचंही खाली टाकून सरळ लोळतो. आणि घंटेचं कसं करू?

हरिपूरची_काकू, २४ जुलै

लोळतो कारण तू पूर्ण खाली जाईपर्यंत थांबतोस. कोपर टेकायच्या जरा आधीच, कंबर वर असतानाच "भले" म्हण आणि खाऊ त्याच्यापासून दोन हात लांब टाक, म्हणजे तो उठून पळेल आणि पुढच्या खेपेला उभ्यानेच सुरुवात करेल. पोटाखाली हात धरून अडवू नकोस, त्याला पुन्हा पाय धरल्यासारखं वाटेल.

घंटेसाठी आधी तळहाताला नाक लावायला शिकव. हात त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरला की तो हुंगायला येतोच. नाक लागलं की "भले". मग तळहातावर पिवळ्या कागदाचा चौकोन चिकटव आणि त्याला नाक लागलं तरच "भले". दोन दिवसांनी तोच कागद घंटेवर. आमच्याकडे बैलाच्या गळ्यातली जुनी छोटी घंटा होती. ती दोरीने दाराच्या कडीला त्याच्या नाकाच्या उंचीवर बांध. पहिले दोन-तीन दिवस आतल्या लोळीला फडकं गुंडाळ. कृष्णीच्या वेळी मी हे केलं नाही, पहिल्याच टोल्याला ती पलंगाखाली गेली आणि आठवडा वाया गेला. फडकं एकेक वेढा सोडत काढ, कागदही थोडा थोडा कापत लहान कर.

आणि वीस माणसांचं आजच मनावर घे. स्वयंपाकघरात शिकलेलं कुत्र्याला दिवाणखान्यात येत नाही, त्याच्या लेखी तो नवा धडा असतो. खोली बदल, गच्चीवर कर, मग एक शेजारी बोलाव, मग तिघं. मोबाइलवर झांजा अगदी बारीक आवाजात लावून कर, रोज जरा वाढव. प्रत्येक नव्या जागी दोन पायऱ्या मागे जाऊन सोपं मागायचं. कान मागे गेले, ओठ चाटायला लागला, झोप नसताना जांभया दिल्या, तर तो घाबरलाय. तिथे थांब. आरतीच्या दिवशी असं झालं तर पुतणीला समजावून सांग आणि त्याला आतल्या खोलीत नेऊन झोपव.

विश्रामबागचा_शेरू, २ सप्टेंबर

काकू, झालं! चतुर्थीच्या दिवशी ढोल-ताशाचा आवाज फार होता, तेव्हा त्याला आतच ठेवला. दुसऱ्या दिवशी रात्री घरातली अकरा माणसं असताना आरती संपल्यावर पुतणीने तळहात खाली नेला आणि "नमस्कार" म्हणाली. शेरूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कोपरं टेकली. कंबर वरच होती. मग आपणहून घंटेकडे गेला आणि नाकाने दोनदा वाजवली, तेवढं सांगितलेलं नव्हतं.

गणपतीत घरात चिकन नसतं, म्हणून मी पंधरा दिवस आधीपासून पनीरवर आणलं होतं. आमची आजी दोन वर्षांत त्याला कधी शिवली नव्हती. त्या रात्री तिने वाटीतला पनीरचा तुकडा उचलला, मला विचारलं, "आधी काय म्हणायचं असतं रे?" आणि "भले" म्हणून त्याच्या तोंडापुढे धरला.