मदत हवी आहे : स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा परिणाम कसा तपासावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूला आमची छोटी संस्था वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. तिथे शिकवायला येणाऱ्या स्वयंसेवकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी बरेच आहेत, काही जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आहेत. जूनमध्ये आम्ही दिवसभराचे प्रशिक्षण घेतले. अभिप्रायाच्या कागदांवर जवळपास सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिले आणि मी ते समाधानाने फायलीला लावले.

पुढच्याच आठवड्यात चौथीतली एक मुलगी ‘पतंग’ हा शब्द ‘पंतग’ असा वाचत होती. अशा वेळी मुलाला थोडे अडखळू द्यावे, अनुस्वारावर बोट ठेवून पुन्हा वाचायला सांगावे, यावर प्रशिक्षणात आम्ही तासभर बोललो होतो. तरीही आमच्या स्वयंसेविकेने पुस्तक ओढून घेतले आणि सगळा परिच्छेद स्वतःच वाचून दाखवला. दिवाळीनंतर ती यायची थांबली. फोन केला तेव्हा म्हणाली, “ताई, मला जमतंय की नाही, तेच कळत नव्हतं.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या चौकटीत प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम अशा चार पातळ्यांवर होते. आम्ही पहिल्याच पातळीवर थांबलो. प्रशिक्षण आवडणे आणि कामात समाधान मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा उमगले.

जानेवारीपासून नव्या व्यक्तीला आम्ही दोन संध्याकाळी अनुभवी स्वयंसेवकाच्या शेजारी बसवतो आणि मुले गेल्यावर दोघे पायरीवर बसून दहा मिनिटे बोलतात. असे तयार झालेले लोक टिकताना दिसतात. मात्र मुळात उत्साही असलेलेच यासाठी वेळ काढतात, त्यामुळे श्रेय प्रशिक्षणाला द्यावे की त्या माणसांच्या स्वभावाला, हे ठरवता येत नाही. मुलांच्या प्रगतीवरून अंदाज घ्यावा, तर द्राक्षांच्या हंगामात बरीच मुले आईवडिलांबरोबर दिंडोरी-पिंपळगावकडे जातात आणि वाचन मध्येच तुटते.

विनामोबदला येणाऱ्या माणसाला आपली तपासणी चालली आहे असे न वाटता त्याच्या शिकवण्यातला बदल कसा टिपावा? शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडे सेवेचे वर्षाला १२० तास असतात. त्यांतले किती तास प्रशिक्षणाला द्यावेत? ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी, प्रयोग फसला असला तरी, कृपया सविस्तर लिहावे.