ओटिस रेडिंगची जुनी मोनो एलपी घ्यावी की नवे प्रेसिंग?

सदानंद_नाशिक

नमस्कार मंडळी. हिंदी चित्रपटसंगीताच्या आणि नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्ड मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो आहे. परंतु अलीकडे माझा ओढा १९६० आणि १९७० च्या दशकांतील अमेरिकन सोल आणि ब्रिटिश रॉक संगीताकडे वळला आहे, आणि त्या बाजारातले आडाखे मला फारसे ठाऊक नाहीत. एका परदेशी विक्रेत्याकडे सोल गायक ओटिस रेडिंग यांच्या 'ओटिस ब्लू' या १९६५ च्या एलपीची, स्टॅक्स कंपनीच्या व्होल्ट या उपलेबलवरील मोनो प्रत उपलब्ध आहे. तिची अवस्था 'व्हीजी प्लस' (म्हणजे 'व्हेरी गुड'च्या वरची प्रत) असल्याचे तो सांगतो. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरले, तर ती मला आजच्या नव्या प्रेसिंगच्या, म्हणजे नव्याने काढलेल्या प्रतीच्या, कितीतरी पट महाग पडेल.

माझा पहिला प्रश्न असा, की एवढे पैसे देऊन ऐकण्यात काही फरक पडतो का, की आपण केवळ जुनेपणाची किंमत मोजतो? दुसरे असे, की बीटल्सच्या 'रबर सोल'ची एक भारतीय प्रत येथील जुन्या बाजारात स्वस्तात मिळते आहे. भारतीय प्रती संग्राहक हलक्या समजतात असे ऐकले आहे. त्यात तथ्य किती? माझ्याकडे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असलेला साधा पण चांगल्या स्थितीतला टर्नटेबल आहे.

जुनी_सुई

सदानंदराव, 'ओटिस ब्लू'च्या बाबतीत मोनो की स्टिरिओ हा प्रश्न मूळ की नवे यापेक्षा महत्त्वाचा आहे. ही एलपी मेम्फिसमधील स्टॅक्सच्या स्टुडिओत, म्हणजे मॅकलमोर अॅव्हेन्यूवरील एका जुन्या चित्रपटगृहात, जुलै १९६५ मध्ये जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. मध्ये जी काही तासांची सुट्टी झाली, तीसुद्धा वादकांना रात्री गावातल्या क्लबांत आपापले कार्यक्रम करायचे होते म्हणून. स्टॅक्सशी करार असलेल्या अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे ध्वनिअभियंता टॉम डाउड त्या वेळी तेथे होते. यातले 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' हे गाणे आधीच सिंगल म्हणून निघाले होते; मोनो एलपीवर तेच ध्वनिमुद्रण आहे, आणि स्टिरिओ एलपीवर त्याच गाण्याचे नव्याने केलेले ध्वनिमुद्रण आहे. त्यामुळे मोनो प्रत घेणारा आणि स्टिरिओ प्रत घेणारा, दोघे एकच एलपी घेतल्याचे मानत असले, तरी एका गाण्यापुरते ओटिसचे दोन वेगळे आवाज घरी नेतात. नवे प्रेसिंग घ्यायचे ठरवलेत, तर ते मोनोचे आहे की स्टिरिओचे, हे आधी पाहा. (मुखपृष्ठावर ओटिस दिसत नाहीत, एक सोनेरी केसांची तरुणी दिसते, विक्रेत्याने चुकीचे पाकीट दिले असे समजू नका. कृष्णवर्णीय गायकांच्या एलपींवर त्या काळी असे सर्रास होत असे आणि त्याची कारणे काही गौरवास्पद नव्हती.)

आता जुनेपणाबद्दल. रेकॉर्डचा आवाज तिच्या वयावर फारसा ठरत नाही. टेपवरून लॅकरवर, म्हणजे ज्यापासून साचा बनतो त्या पहिल्या तबकडीवर, खाचा कोणी कापल्या, कशा कापल्या आणि त्या साच्यातून निघालेली ही प्रत कितवी, यांवर तो ठरतो. याची नोंद शेवटचे गाणे संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्या 'डेड वॅक्स'वर असते. प्रत खिडकीजवळ नेऊन तिरकी धरली, की तेथे हाताने कोरलेली किंवा ठशाने उठवलेली अक्षरे दिसतात. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या एलपीचे, म्हणजे १९६९ च्या 'लेड झेपेलिन टू'चे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिचे पहिले कटिंग रॉबर्ट लडविग यांनी केले आणि डेड वॅक्समध्ये 'आरएल' ही इंग्रजी आद्याक्षरे कोरली. हे कटिंग इतके दणदणीत होते की स्वस्त प्लेअरवर सुई उडू लागली. अटलांटिकचे प्रमुख अहमत अर्टेगन यांच्या मुलीच्या प्लेअरवर ती उडाली आणि म्हणून एलपी पुन्हा, पातळी उतरवून, कापली गेली, असे लडविग यांनीच पुढे सांगितले आहे. आज 'आरएल' असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, वास्तविक दोन्ही त्याच काळातल्या आणि दोन्हींचे मुखपृष्ठ सारखेच.

अटलांटिक समूहाच्या लेबलांवरूनही काळ ओळखता येतो. हिरव्या-लाल अटलांटिक लेबलच्या कडेला '१८४१ ब्रॉडवे' हा पत्ता असेल, तर प्रत १९६८ नंतरची, पण १९७० च्या दशकाच्या मध्याच्या आधीची. '७५ रॉकफेलर प्लाझा' असेल, तर त्यानंतरची. स्टॅक्सचे निळे लेबल अटलांटिकशी करार असतानाचे, आणि चुटकी वाजवणाऱ्या बोटांचे पिवळे लेबल १९६८ मध्ये तो करार तुटल्यावरचे. करार तुटला तेव्हा स्टॅक्सला कळले की आजवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकी कागदोपत्री अटलांटिककडे गेली आहे. म्हणून ओटिस रेडिंग यांच्या एलपी पुढे अटलांटिककडून येत राहिल्या.

मँचेस्टरकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एका गोष्टीत मी वेगळे मत मांडतो. रॉकचा संग्रह एलपींवर उभा राहतो हे खरे. सोलचा मात्र सात इंची, ४५ फेऱ्यांच्या सिंगलवर उभा राहतो. मोटाउन किंवा स्टॅक्स या सोल कंपन्यांची गाणी रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी घडवली जात, त्यांचे मोनो मिश्रण त्याच हिशेबाने होत असे, आणि एलपी हा बहुतेक वेळा अशा सिंगलभोवती भराव घालून केलेला व्यवहार असे. 'ओटिस ब्लू' हा सन्माननीय अपवाद आहे. त्यामुळे मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याला मी एका महागड्या एलपीऐवजी आठ-दहा चांगली सिंगल सुचवीन.

येथे, इंग्लंडच्या उत्तर भागात, सिंगलचे वेड कोठवर गेले होते याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील आणि १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर चालणारा विगन कसिनो, अशा नृत्यक्लबांत कापडगिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतली तरुण पोरे अमेरिकेत कोणी विचारले नव्हते अशा सोल गाण्यांवर नाचत. या प्रकाराला 'नॉर्दर्न सोल' हे नाव पत्रकार आणि दुकानदार डेव्ह गोडिन यांनी १९७० च्या सुमारास दिले. रेकॉर्ड जितकी अपयशी, तितकी तिची प्रतिष्ठा मोठी. डीजे आपल्या दुर्मीळ रेकॉर्डच्या लेबलवर पांढरा कागद चिकटवत आणि गायकाचे खोटे नाव सांगत, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याला ती शोधता येऊ नये. मोटाउनच्या 'सोल' या उपलेबलवरील फ्रँक विल्सन यांचे १९६५ चे 'डू आय लव्ह यू' हे सिंगल बाजारात येण्याआधीच रद्द झाले आणि नमुनाप्रती नष्ट केल्या गेल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. अर्थात अशी किंमत आली की नकला येणारच, आणि १९७० च्या दशकातच अशा गाण्यांच्या बनावट प्रती सर्रास निघाल्या. त्या आता स्वतःच पन्नास वर्षांच्या झाल्यामुळे कागद पिवळा पडला आहे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

अमेरिकन सिंगल घेताना साहित्य तपासा. तेथील कित्येक कारखाने सिंगल व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनमध्ये साच्यात ओतून काढत. व्हिनाइल प्रतीत लेबल प्रेसमध्येच दाबले जाते; स्टायरीनमध्ये ते नंतर चिकटवलेले असते, म्हणून त्याची कड किंचित उचललेली दिसते, आणि प्रत हाताला हलकी व ताठ लागते. स्टायरीन झिजते लवकर. एखाद्या रेडिओ केंद्रावर गाण्याचा आरंभ शोधण्यासाठी ती मागे-पुढे फिरवली गेली असेल, तर पहिल्या काही सेकंदांत सतत फुसफुस ऐकू येते आणि कितीही धुतले तरी ती जात नाही, कारण ती धूळ नसून झीज आहे. अशा प्रतीवर घासलेली सुई चुकूनही टेकवू नये. अमेरिकन सिंगलचे मधले भोक सुमारे ३८ मिलिमीटरचे असते, तेव्हा अडॅप्टर आधीच घेऊन ठेवा.

सदानंद_नाशिक

दोघांचेही आभार. डेड वॅक्सचे छायाचित्र मी विक्रेत्याकडे मागितले आहे. 'रबर सोल'ची ती भारतीय प्रत मात्र काल पाहून आलो. लेबलवर पार्लोफोन आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया असे आहे, ओरखडे फार नाहीत, परंतु दोन्ही बाजूंवर पांढुरके ठिपके पसरलेले आहेत आणि पाकिटाला कुबट वास येतो. ती घ्यावी का?

गिरगावकर

सदानंदजी, ठिपके बुरशीचे असतील तर घाबरण्याचे कारण नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत चार-पाच पावसाळे कपाटात काढलेल्या बहुतेक रेकॉर्डची हीच अवस्था असते. कोमट उर्ध्वपातित पाण्यात सुगंधरहित द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, धुवावे, लेबलला पाणी लागू देऊ नये, साध्या उर्ध्वपातित पाण्याने पुन्हा विसळावे आणि प्रत उभी ठेवून वाळू द्यावी. बुरशी वरवरची असेल तर निघते. तिने खाचेत घर केले असेल, तर धुतल्यावरही हलकी तडतड राहते, आणि ते धुतल्याशिवाय कळत नाही, म्हणून भाव त्या हिशेबाने करावा. जुने कागदी आतले पाकीट फेकून द्यावे, कारण बुरशीचे बी त्यातच असते. रेकॉर्ड नव्या पॉलिथीनच्या अस्तराच्या पाकिटात ठेवावी. मऊ पीव्हीसीचे पाकीट मात्र टाळावे, त्यातले रसायन कालांतराने रेकॉर्डवर धुरकट थर सोडते. तुमच्याकडे नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या शेलॅक रेकॉर्ड असणार, तेव्हा हेही सांगतो, की बाजारात मिळणारी अल्कोहोलयुक्त द्रावणे त्यांना लावू नका. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते.

भारतीय प्रतींना सरसकट हलके लेखणे मला पटत नाही. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया ही ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचीच कंपनी होती, आणि दमदमच्या कारखान्यात निघालेल्या बीटल्सच्या कित्येक प्रतींच्या डेड वॅक्सवर ब्रिटिश मॅट्रिक्स क्रमांकच, म्हणजे कटिंगचे क्रमांकच, आढळतात, म्हणजे मूळ कटिंग लंडनचेच. मोटाउनही ब्रिटनमध्ये ईएमआयकडे असल्यामुळे टॅमला मोटाउन लेबलच्या भारतीय प्रती निघाल्या, आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटवर त्या अधूनमधून दिसतात. आपल्या प्रतींचा खरा दोष म्हणजे साहित्याचा दर्जा एकसारखा नसे. एकच एलपी, एकच क्रमांक, आणि एक प्रत शांत तर दुसरीत तळणीचा आवाज. म्हणून भारतीय प्रत वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये पूर्वी ऐकून मगच रेकॉर्ड घेता येई. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले आणि ती सोयही गेली.

'रबर सोल'चा मॅट्रिक्स क्रमांक मात्र जरूर वाचा. ब्रिटिश मोनो प्रतींमध्ये क्रमांकाच्या शेवटी '१' असलेले पहिले कटिंग संग्राहकांत 'लाउड कट' म्हणून ओळखले जाते. ते लवकरच मागे घेऊन पुन्हा कापले गेले.

रात्रपाळी

माझे मत थोडे कडू वाटेल, पण मूळ प्रतींचा हा सोस ऐकणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे. काळजीपूर्वक केलेले नवे प्रेसिंग शांत असते, त्याच्यावर कोणाच्या जड सुईच्या खुणा नसतात, आणि ओटिसचा आवाज मला खरखरीविना ऐकायचा आहे.

जुनी_सुई

रात्रपाळी यांचे म्हणणे निम्मे मान्य आहे. प्रश्न नवे प्रेसिंग कोणत्या टेपवरून केले याचा आहे. न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथील अटलांटिकच्या गोदामाला १९७८ मध्ये आग लागली आणि अप्रकाशित गाण्यांच्या व सत्रांच्या असंख्य टेप जळाल्या. प्रकाशित एलपींचे अंतिम मास्टर बहुतांशी अन्यत्र होते म्हणून वाचले. वाचलेली टेपही पन्नास-साठ वर्षांत झिजते. शिवाय 'मूळ अॅनालॉग टेपवरून' या शब्दांचा अर्थ मधे डिजिटल टप्पा नव्हता असा होतोच असे नाही. मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या कित्येक आवृत्त्यांत असा टप्पा होता हे २०२२ मध्ये उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. आवाज वाईट होता असे मात्र तोवर कोणी म्हटले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. पाकिटावर कटिंग करणाऱ्याचे नाव आणि टेपचा उल्लेख स्पष्ट असेल, तर नवे प्रेसिंग निःसंकोच घ्यावे. दोन्ही नसतील, तर ते बहुधा सीडीसाठी केलेल्या फाइलवरून कापलेले असते.

सदानंदराव, जुनी मोनो प्रत घेतलीत तर एक फुकटचा लाभ पदरात पाडून घ्या. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते. उभ्या हालचालीतून येते ती केवळ धूळ आणि झीज. अॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबा, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र होऊन उभी हालचाल परस्पर वजा होते आणि खरखर लक्षणीय उतरते. बटण नसेल, तर दोन वाय-केबलींनी तेच साधते.

आणि 'व्हीजी प्लस'बद्दल: गोल्डमाइन या संग्राहकांच्या अमेरिकन मासिकाच्या प्रतवारीनुसार त्याचा अर्थ खुणा दिसतील, पण ऐकताना त्रास होणार नाही. परंतु बरेच विक्रेते ही प्रतवारी दिव्याखाली पाहून ठरवतात, वाजवून नव्हे. आणि त्या काळच्या जड टोनआर्मने झिजवलेल्या खाचा दिव्याखाली चकचकीतच दिसतात. तेव्हा प्रत वाजवून पाहिली आहे का, असे स्पष्ट विचारा, आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाण्याचा एकेक मिनिटाचा ध्वनिमुद्रित तुकडा मागा. केंद्राजवळ खाचेचा वेग कमी झालेला असतो, त्यामुळे झीज प्रथम तेथेच आवाज फाटल्यासारखी ऐकू येते. विक्रेता तुकडा पाठवायला तयार नसेल, तर मी ती प्रत त्या भावाला घेणार नाही.