जळालेली येझदी रोडकिंग, फ्रेम वाचेल का? मदत हवी आहे
मंडळी, काकांची 1986 ची रोडकिंग मोटरसायकल गोठ्याशेजारी उभी होती, कडब्याच्या गंजीला आग लागली आणि गाडी पार भाजली. सीट, वायरिंग, टायर गेले, कार्बोरेटरचा तर वितळून गोळा झालाय, पण इंजिनाचं केसिंग शाबूत दिसतंय, किक मारली की पिस्टन मोकळा हलतो. ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं म्हणजे तिथे तेवढी धग गेली नसावी, तरी क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) रबरी ऑइल सील बदलणारच, टू-स्ट्रोक इंजिनाने खराब सीलमधून हवा खेचली तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. खरी चिंता फ्रेमची. मागचे पाइप निळे पडलेत, ते वाकलेत का हे कसं तपासायचं? आणि सँडब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढताना) फ्रेमवर कोरलेला चासी नंबर पुसू नये म्हणून त्यावर काय लावता, नंतर आरटीओची कटकट नको. सांगली-कोल्हापूरकडे जुन्या जावा-येझदीचा मिस्त्री कुणाला माहितीय का?