द्राक्षपानांच्या अर्कापासून केलेले चांदीचे नॅनोकण: जंतू नेमके कशाने मरत आहेत?

नमस्कार. मी नाशिकमध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आमच्या निफाडच्या बागेतील द्राक्षपानांचा अर्क वापरून मी प्रकल्पासाठी चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार केले आहेत. वडिलांच्या पायाची मधुमेही जखम पाच महिने भरत नव्हती, तेव्हा त्यांचे चांदीयुक्त ड्रेसिंग मीच बदलत असे. विषय तिथूनच सुचला.

कृती नेहमीचीच आहे. १० ग्रॅम पाने १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात उकळली आणि गाळलेला अर्क १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळला. तासाभरात द्रावण तांबूस तपकिरी झाले आणि ४३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचे शिखर मिळाले, जी चांदीच्या नॅनोकणांची खूण आहे; म्हणजे पानांतील पॉलिफिनॉलांनी चांदीच्या आयनांचे क्षपण केले (त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूरूप चांदी बनवली), याविषयी मला शंका नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जखमांत आढळणाऱ्या जंतूच्या प्लेटवर, द्रावण भरलेल्या छिद्राभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळही उमटले. मार्गदर्शक समाधानी आहेत, मी मात्र नाही.

क्षपण न होता द्रावणात उरलेले चांदीचे आयन स्वतःच जंतुनाशक असतात, तेव्हा ते वर्तुळ त्यांचेही असू शकते. त्याहून मोठी अडचण आमच्या बागेतली आहे. केवडा हा बुरशीजन्य रोग येऊ नये म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. पाने कितीही धुतली तरी त्यावरचे तांबे थोडेफार अर्कात उतरत असणार, आणि तांबेही जंतू मारते. नाशिकच्या पानांवर काम करणाऱ्याने हे आधी तपासायला हवे होते, ते मी तपासले नाही.

आता कण सेंट्रिफ्यूजने वेगळे करून धुवायचे, आणि ते कण, कण खाली बसल्यावर उरलेले वरचे द्रावण, नुसता अर्क व तेवढ्याच चांदीचे सिल्व्हर नायट्रेट यांची शेजारीशेजारी चाचणी घ्यायची, तीही फवारलेल्या आणि अंगणातल्या बिनफवारणीच्या अशा दोन्ही वेलींच्या पानांचा अर्क वापरून, असे ठरवले आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे की धुण्याने आयन पुरेसे निघतात का, की डायलिसिस (पातळ पडद्यातून आयन गाळून काढणे) करावेच लागते. प्लेटमधल्या अगारमध्ये (जंतू वाढवण्याच्या जेलीत) कण नीट पसरत नाहीत म्हणून मला द्रव माध्यमात किमान रोधक संहती, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण, काढायची आहे, पण द्रावणाच्या तपकिरी रंगामुळे जंतूंच्या वाढीने येणारा गढूळपणा वाचता येत नाही. अशा वेळी प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजणे हाच मार्ग आहे का? तसेच, द्राक्षबागांसाठी देठ परीक्षण (पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांची तपासणी) करणाऱ्या प्रयोगशाळा पानांच्या अर्कातील तांबे मोजून देतात का, आणि विद्यार्थ्याला परवडेल असा खर्च येतो का?

आमच्या एका नातेवाइकांनी हे द्रावण जखमेवर लावायला मागितले होते. मी दिले नाही, कारण त्वचेच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो, हे अजून तपासलेले नाही. ती चाचणी करण्यासाठी नाशिकमध्ये पेशीसंवर्धनाची सोय कुठे मिळेल, हे कोणाला ठाऊक असल्यास तेही कळवावे.