जुलैत कुडाळकडे शेतकऱ्याच्या घरी चार रात्री: कंटाळा येईल का?

तिघं_मुंबईकर
नमस्कार मंडळी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं आणि दहा वर्षांची लेक कुडाळ तालुक्यात एका शेतकरी कुटुंबाच्या होमस्टेत राहणार आहोत. समुद्र, किल्ले काही नको, नुसतं निवांत राहायचंय. भर पावसात दिवसभर करायचं काय? भातलावणीला हात लावता येईल का?

बांधावरचा
निवांत म्हणता आणि जुलै निवडता! त्या दिवसांत घरात तुम्ही सोडून कुणीच निवांत नसतं. मृगाच्या आसपास पेरलेला तरवा (भाताची रोपं) तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीला येतो. तो जास्त वाढून जून झाला की फुटवे (बुंध्यातून येणारे नवे कोंब) कमी येतात, म्हणून घाई. तेव्हा घड्याळ त्यांचंच ठेवा: पहाटे चहा, नऊ-दहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारचं जेवण उशिरा, रात्री लवकर निजानीज. आठला पोहे मागितलेत की शेतातलं एक माणूस चुलीपाशी अडकतं.

पहिल्या दिवशी फक्त तरव्याच्या जुड्या बांधावरून पोचवा. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला छोटा तुकडा मागून घ्या. एका चुडात (एका जागी लावायच्या झुपक्यात) दोन-तीन रोपं, खोली दोन-तीन सेंटिमीटर, दोन चुडांत वीतभराहून थोडं कमी अंतर. नवखा माणूस रोप पक्कं बसावं म्हणून खोल खुपसतो, मग फुटवे यायला उशीर होतो. अगदी वरवर लावलं तर ते तरंगतं. मागे सरकत लावा, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. तासाभरात कंबर बोलायला लागेल, तेव्हा बाहेर या.

पायवाट
पायाला जखम किंवा भेगा असतील तर चिखलात उतरूच नका. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिथून शिरतात. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर भातशेतात उतरलो होतो हे आपणहून सांगा.

रात्री न्हाणीघरापर्यंतही विजेरीशिवाय जायचं नाही, फुरसं (छोटा विषारी साप) पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. विहिरीला कठडा आहे का, हे आत्ताच फोनवर विचारून ठेवा.

चुलवण
पावसाळी दुपारसाठी तांदळाची भाकरी शिका. वाटीभर पाणी उकळून चिमूट मीठ, मग वाटीभर पीठ. ढवळून झाकण ठेवा आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. गार झाल्यावर मळलं की थापताना कडा फाटतात. तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून लगेच पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. इथे उशीर झाला की तडे जातात, भाकरी फुगत नाही. लाकडं दमट असतील तर धूर होणारच. नारळाची सोडणं (वरची सालं) पेटवून जाळ धरू द्या, फुंकत बसू नका.

मांगर
माझं मत वेगळं. यजमानांशी गप्पा हव्या असतील तर दिवाळीनंतर जा. लावणीतच जायचं असेल तर चार रात्री ठीक, दोन नकोत. पहिले दोन दिवस हात फोनकडे जातच राहतो आणि ती चुळबूळ जिरायच्या आत परतीची गाडी येते. दिवसाला एकच काम ठरवा, बाकी वेळ पडवीत बसा. लेकीच्या करमणुकीची यादी करू नका. वासरू, पागोळ्या आणि खळ्यातलं पाणी पुरतं.

तिघं_मुंबईकर
तारीख बदलणं आता अवघड आहे. सोबत काय न्यावं?

बांधावरचा
लवकर सुकणारे कपडे, पट्ट्यांच्या रबरी चपला, विजेरी, पॉवर बँक (वीज जाते, कधी दिवसभर). जीन्स नको, चार दिवसांत वाळत नाही. जेवणाचे पैसे आधीच ठरवा आणि तिथे घासाघीस करू नका. भेट म्हणून चहापावडर-साखर न्या, जुने कपडे नकोत. आणि वेफर्सची रिकामी पाकिटं परत घेऊन या, वाडीवर कचऱ्याची गाडी येत नाही.