गाजर गवताचा इसब : रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे अनुभव

पावसाळ्यात गाजर गवत फुलोऱ्यावर आले की अनेक घरांत एखाद्याचा चेहरा, मान आणि हात पुन्हा खाजू लागतात. मूळच्या अमेरिका खंडातल्या या तणाची पुण्यात १९५५-५६च्या सुमारास नोंद झाली आणि १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅलनन यांचा त्यापासून होणाऱ्या इसबावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे लोटूनही निदान उशिरा होते, म्हणून हा धागा. रोग कसा ओळखला गेला आणि कोणत्या उपचाराने काय फरक पडला, ते सविस्तर लिहावे. औषधाची मात्रा मात्र लिहू नये, कारण ती रुग्णागणिक बदलते.

बार्शीची लेक
माझे वडील शेतकरी आहेत. त्यांचा चेहरा आणि हात काळवंडून जाड झाले, तेव्हा उघड्या भागावरच त्रास आहे म्हणून उन्हाची ॲलर्जी असे निदान झाले आणि कित्येक वर्षे त्यावरच उपचार चालले. पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्यांना मान वर करायला सांगून हनुवटीखालची जागा पाहिली, मग पापण्या आणि कानामागची त्वचाही तपासली. ऊन जिथे सहसा पोहोचत नाही त्या जागाही खाजत असतील, तर हवेतून येणाऱ्या कणांचा संशय घ्यावा, असे त्यांनी समजावले. या गवतावरील सूक्ष्म लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्याबरोबर येऊन त्वचेवर बसते, त्यामुळे गवताला हात न लावताही इसब उठतो. त्यानंतर पाठीवर पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवून करायची ॲलर्जीची तपासणी, केली. पट्ट्या दोन दिवसांनी काढून वाचन झाले आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा एकदा झाले, कारण ही प्रतिक्रिया टी पेशींमार्फत (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींमार्फत) सावकाश घडते. गवताच्या अर्काच्या जागी लाल, फोडाळलेला चट्टा उठला होता. आमच्या बांधावर कमरेएवढे वाढलेले ते तण आम्ही सगळे रोज पाहत होतो, पण तोपर्यंतच्या एकाही तपासणीत त्याविषयी प्रश्न विचारला गेला नव्हता, याची खंत आजही वाटते.

त्वचा विभागातील निवासी डॉक्टर
वरील अनुभव आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खाज झपाट्याने उतरते, परंतु गोळ्या थांबवताच रोग उलटतो, आणि त्या वर्षानुवर्षे घेतल्यास मधुमेह, हाडांची झीज व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कौशल वर्मा आणि सहकाऱ्यांनी ॲझाथायोप्रिन या औषधावर केलेले काम म्हणूनच मोलाचे आहे. ते रोगप्रतिकारक पेशींची वाढ रोखते, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर धीर न सोडण्याची गरज रुग्णाला आधीच सांगावी लागते. पांढऱ्या पेशी आणि यकृत यांची रक्ततपासणी ठरलेल्या वेळी करावीच, कारण काही जणांत, विशेषतः एनयूडीटी१५ जनुकातील बदल असणाऱ्यांत, या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात.

दसऱ्याची शेवंती
यजमानांना गवताचाच इसब आहे. नवरात्रात त्रास वाढतो, याचा उलगडा आम्हाला डॉक्टरांनी केला: शेवंती त्याच कुळातली असून गवताची ॲलर्जी असलेल्या अनेकांना तिचाही त्रास होतो. आता हार गुंफण्याचे आणि निर्माल्य काढण्याचे काम मी करते.

माजी कृषी सहायक
गवत वाळवून जाळू नये. जमा करताना आणि जाळताना त्याचे कण उडतात. फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे, आणि ज्याला इसब आहे त्याने हे काम करूच नये. मेक्सिकन भुंगेरे हे कीटक पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतात, मात्र एका झाडाला हजारो बिया येत असल्याने केवळ भुंगेऱ्यांवर विसंबून भागत नाही.

परभणीचा एक रुग्ण
माझ्या चेहऱ्याची त्वचा जाड होऊन कपाळावर वळ्या पडल्या होत्या. गावात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू झाली आणि लग्नकार्याला जाणे मी सोडले. ॲझाथायोप्रिन सुरू केल्यावर खाज आधी कमी झाली, जाडपणा मात्र फार सावकाश उतरला. रात्री सलग झोप लागू लागली, हा मला जाणवलेला पहिला फरक. शेतातून आल्यावर लगेच अंघोळ, ओल्या अंगावरच व्हॅसलिन, आणि कपडे घराबाहेर वाळवायचे नाहीत, कारण त्यांवरही धूळ बसते, हे नियम डॉक्टरांनी घालून दिले आहेत. औषध थांबवल्यावर पुढच्या पावसाळ्यात कुणाचा इसब उलटला का, आणि उलटल्यास डॉक्टरांनी काय केले, हे कृपया लिहावे. माझी मात्रा आता कमी करत आणली आहे.