काल्पनिक जगाचा इतिहास: आधी सनावळी, आधी भूगोल की आधी वाद?

घाटमाथा:
हौशी लेखकांच्या काल्पनिक जगातल्या कथा-कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे मी आवडीने वाचतो. बहुतेकांना सुरुवातीला त्या जगाचा इतिहास जोडलेला असतो. पहिलं युग, दुसरं युग, राजांची वंशावळ, महायुद्ध, मग हजार वर्षांची शांतता. सनावळीत एकही चूक नसते, तरी त्यावर विश्वास बसत नाही.

माझ्या मते कारण एकच आहे. त्या जगातल्या सगळ्यांचं आपल्या भूतकाळाबद्दल एकमत असतं. राजा, पुजारी, नावाडी, सगळे तीच गोष्ट त्याच क्रमाने सांगतात. असं कुठल्या समाजात होतं?

आपल्याकडेच बघा. शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा की 1630 चा, यावर किती वर्षं वाद चालला! बखरी एक सांगत होत्या, जेधे शकावली (जेधे घराण्याच्या दप्तरातली जुनी सनावळी) दुसरंच. सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली, तरी तारखेने साजरी करायची की तिथीने हा प्रश्न दरवर्षी उभा राहतोच.

त्याहून बोलकं उदाहरण पानिपतचं. 14 जानेवारी 1761 ला मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले हे सगळ्यांना पटलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, कोकणात त्याने फौज जमवली आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. म्हणजे लढाईत नक्की काय झालं, याच्या शंकेतून पंधरा वर्षांनी नवी घटना जन्माला आली. इतिहास असा चालतो.

म्हणून माझा आग्रह असा: वंशावळ बाजूला ठेवा. एक घटना घ्या आणि ती तीनदा लिहा. जिंकलेल्याच्या दरबारी लेखकाने लिहिलेली, हरलेल्यांच्या गावात पोवाड्यातून गायली जाणारी आणि ज्याची जमीन त्यात गेली त्याने वतनाच्या दाव्यात मांडलेली. जिथे तिघांचं जुळत नाही, तिथे तुमचं जग सुरू होतं.

रानवाटा:
मला हे अजिबात पटत नाही. तीन बखरी लिहिणं त्या मानाने सोपं आहे हो. तुमची राजधानी रोज काय खाते ते आधी सांगा.

खर्डे फसतात ते भूगोल आणि हिशोब नसल्यामुळे. दहा हजार घोडदळ 'आठ दिवसांत वाळवंट पार करून' येतं. एका घोड्याला दिवसाला चार-पाच किलो चंदी, म्हणजे दाणा, धरा. दहा हजारांना रोज चाळीस-पन्नास टन झाली. एका बैलाच्या पाठीवर क्विंटलभर माल, म्हणजे एका दिवसाच्या चंदीला चार-पाचशे बैल. आठ दिवसांचे किती ते तुम्हीच बघा. वैरण आणि पाणी तर अजून धरलंच नाही. आपल्याकडे फौजांमागे धान्याचे तांडे घेऊन बंजारे चालायचे ते यासाठीच. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन यामागेही चारा, चिखल आणि भरलेल्या नद्या होत्या.

तह लिहायचा असेल तर 1665 चा पुरंदरचा तह डोळ्यांसमोर ठेवा. 'अर्धं राज्य दिलं' असं त्यात नाही. 23 किल्ले आणि वर्षाला चार लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना, 12 किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. हे आकडे वाचले की किती गेलं आणि काय उरलं ते लगेच अंगावर येतं.

नाणेघाटात गेला असाल तर आठवा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीसाठी होता असं मानतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञात दिलेल्या गाई-घोड्यांची आणि कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, यादी आहे. एवढी दक्षिणा परवडली, कारण समुद्राकडचा माल या वाटेने जुन्नरला चढत होता. आधी वाट आणि जकात, मग राजा, मग त्याची कीर्ती. क्रम उलटा केलात की जग पोकळ वाटतं.

कोरा कागद:
वाचकाला हे सगळं हवंय का? मी कथा वाचते ती माणसांसाठी. बैल मोजण्यात लेखकाचं वर्ष गेलं तर कादंबरी लिहायची कधी?

रानवाटा:
@कोरा कागद, बैल पानावर दिसायला नकोत. पण लेखकाने मोजले नसतील तर बाजारात कणकेचा भाव काय, सैन्य येताना दिसलं की गाव पळतं का थांबतं, हे त्याला लिहिता येत नाही. आणि माणसं याच गोष्टींत दिसतात.

पाटीपेन्सिल:
दोघांच्याही म्हणण्यात मला एकच खटकतं: प्रत्येक गोष्टीला कारण हवंच. खऱ्या इतिहासात किती गोष्टी कुठल्याच आराखड्यात बसत नाहीत. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये येतो, निजामशाहीचा कारभारी होतो, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवतो आणि खडकी नावाचं शहर वसवतो. काल्पनिक कथेत कुणी मलिक अंबर उभा केला असता तर 'हे अशक्य' म्हणून संपादकाने कापला असता. त्या खडकीचीही नावं नंतर बदलत गेली. फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर.

कालगणनेचंही तसंच. काल्पनिक जगात सगळीकडे एकच संवत्सर चालतं. आपल्याकडे शालिवाहन शक होता, 1674 पासून राज्याभिषेक शक आला आणि दप्तरात मृग नक्षत्रापासून बदलणारा जुना शुहूर सनही चालूच राहिला. नवी गोष्ट आली म्हणून जुनी जात नाही. माझ्या मते हा जुना साठलेला गाळ दाखवता आला पाहिजे, आणि त्यातलं थोडं विनाकारणच असू द्यावं.

घाटमाथा:
@रानवाटा, तुमचे बैल मला मान्य आहेत. पण तोच सह्याद्री, तोच पाऊस, त्याच घाटवाटा सातवाहनांना होत्या, यादवांना होत्या, मराठ्यांनाही होत्या. तिघांचे इतिहास मात्र वेगळे झाले. काय होऊ शकत नाही, हे भूगोल सांगतो. लोकांनी काय लक्षात ठेवलं, ते तो सांगत नाही.

गावाबाहेरचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्याच्या स्मरणाचा कोरीव दगड, बघा. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. कोण मेला, कुणाशी लढताना, हे गाव विसरून गेलं. काही ठिकाणी त्याच दगडाला शेंदूर लागला, तो देव झाला, त्याला नवस बोलले जाऊ लागले आणि त्याची नवी गोष्ट तयार झाली. मला काल्पनिक जगात हे हवंय. दगड खरा, गोष्ट खोटी, आणि गावाच्या दृष्टीने तीच खरी.

रानवाटा:
वीरगळ तुम्ही अर्धाच वाचलात. कित्येक वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. म्हणजे तो गुरं वाचवताना पडला. गुरं म्हणजे शेती, शेती म्हणजे चारा, आणि चारा कमी पडला की शेजारचं गाव धाड घालतं. तुमच्या देवाच्या मुळाशी कुरणाचं भांडण आहे. गाव विसरलं असेल, पण गाई कुणी पळवल्या हे लेखकाला ठाऊकच हवं. नाहीतर त्याच्या तिन्ही बखरी हवेत राहतात.

पाटीपेन्सिल:
+1. खोटं कुठे वाकवलंय ते कळायला खरं माहीत लागतं.

घाटमाथा:
इथेच आपलं जुळणार नाही. गाई का पळवल्या हे ठाऊक हवं, दुष्काळ कुठल्या साली पडला हेही हवं. कुणी पळवल्या, हे मात्र मी मुद्दाम ठरवत नाही. ते ठरवलं की माझ्या एका पात्राच्या तोंडी आपोआप नेमके शब्द येतात आणि दुसरं पात्र दोन वाक्यांत गडबडतं. वाचकाला तेवढं पुरतं. खरं कोण बोलतंय ते तो ओळखतो आणि दुसऱ्याचं ऐकणं सोडून देतो. तोतयामागे गेलेल्या माणसांना आपण तोतयामागे चाललोय हे माहीत नव्हतं. मला त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून लिहायचं असेल, तर निदान त्या प्रकरणापुरतं मलाही ते माहीत नसलेलं बरं.